वाक्य पुरं करा, बाई

नको रे, टपावर नको टाकू बॅग, मांडीवरच राहू दे. जड कुठे आहे? हीच तर रड आहे... काय म्हणालात बाई? प्रवासाहून आलात का? मी कसला प्रवासाहून येतोय! मी कुठे गेलोच नव्हतो हो. मला कुठे जायचंच नव्हतं! आपल्या अँतिगुआ गावात सुखानं स्पॅनिश शिकवत होतो. अंगणात पेरूच्या झाडाखाली एक टेबल, दोन खुर्च्या, एक मी आणि एक परदेशी पाहुणा. जन्म गेला त्यात. बाउदिलिओ मास्तर म्हणून विचारा कोणालाही. आणि आज हा मास्तर राजधानीहून बॅग घेऊन घरी परततोय, का? तर एका बाईंनी वाक्य पुरं केलं नाही म्हणून!

तुम्हाला सांगतो, माझं विद्यार्थ्यांना एकच सांगणं असतं. चुका, अडखळा, पण वाक्य पुरं करा. आमची ओतिलिया, माझी बहीण हो, आम्ही दोघंच घरात, ती म्हणते, "तू कुणाला पुरं करू देतोस का? समोरच्यानं तोंड उघडलं की तुझी दुरुस्ती तयार!" आता मास्तराच्या जातीला ते यायचंच ना? मला सांगा, चूक ऐकून गप्प बसवतं का कुणाला?

तर दोन महिन्यांपूर्वी नॉर्वेहून आल्या सिगरिदबाई. माझ्याच वयाच्या, म्हणजे केस पिकलेले, नवरा वारलेला, मुलगी तिकडे सासरी. हसल्या की आवाज नाही, नुसते खांदे हलायचे. मी म्हणायचो, हसायचं तर पुरं हसा की बाई! हळूहळू काय झालं... काय व्हायचं? व्हायचं तेच झालं. मी सकाळी दाढी दोनदा करायला लागलो. ओतिलियाच्या सगळं लक्षात आलेलं. ती बाईंना जेवायला बोलवायची, पेपियानचा घट्ट रस्सा करून वाढायची, आणि बाईंनी कबूल केलं, की मी ईस्टरपर्यंत राहते, मिरवणुकीच्या वाटेवर तुमच्या दारापुढे भुशाचा गालिचा घालायला मी आहेच. ओतिलियानं भुसा रंगवूनसुद्धा ठेवलाय. जांभळा. घरभर पसरलाय वाळायला. आता घरी गेल्यावर पहिला पाय त्यातच पडायचा.

मग बाई म्हणाल्या, पकाया चढू या. जिवंत ज्वालामुखी! मी जन्मभर त्याचा धूर लांबून पाहिलाय, तेवढी ओळख पुरे होती. पण मनाशी म्हटलं, बाउदिलिओ, खाली अंगणात तुझी जीभ उचलत नाही, वर जाऊन विचार. ईस्टरनंतरही राहा म्हणावं. एवढंच विचारायचं होतं हो.

चढायला लागलो. मागे एक घोडेवाला, डॉन एउलोहिओ नाव त्याचं, काळ होऊन लागला पाठीमागे. "मास्तर, घोडा!" नको. "मास्तर, तोंड लाल झालंय, घोडा!" नको म्हटलं ना! बाईंच्या देखत घोड्यावर बसू? "बसा हो, घोडा कुणाला सांगत नाही!" आणि पायाखाली ती काळी भुसभुशीत राख, एक पाऊल वर, अर्धं खाली, नाकात गंधकाचा वास, डोंगर आतून घुरघुरतोय... बाई पुढे, मी मागे, घोडा माझ्या मानेवर श्वास सोडतोय.

वर पोचलो. दगड असे तापलेले की लोक काठीला मार्शमॅलो टोचून भाजत होते. बाईंनीही काठी धरलेली. धाप लागलेली. माझ्या दंडाला धरलं, डोळ्यांत पाहिलं आणि म्हणाल्या, "ते किएरो..."

आता तुम्हाला ठाऊक आहे, पण मास्तर आहे, समजावल्याशिवाय राहवत नाही. नुसतं 'ते किएरो' म्हणजे काय? माझं तुझ्यावर प्रेम आहे! आणि तुझ्यावर हं! दोन महिने 'तुम्ही मास्तर, तुम्ही मास्तर', आणि आज 'तुझ्यावर'! माझ्या कानांत घंटा वाजायला लागल्या. मी एका क्षणाचाही विलंब लावला नाही. म्हणालो, "मीसुद्धा! मीसुद्धा!"

आणि बाईंनी श्वास घेतला आणि वाक्य पुरं केलं. "...देसिर." झालं! त्याच 'ते किएरो'ला 'देसिर' जोडलं, की अर्थ होतो, तुला सांगायचंय. काय सांगायचंय? की उद्या मी जाते. मुलीचे दिवस भरायच्या आधीच तिला इस्पितळात नेलंय, सकाळी फोन आला. आणि मग माझ्याकडे पाहून, "तूसुद्धा? तूसुद्धा उद्या जातोस?"

आता यावर काय म्हणायचं? सांगा ना! 'मीसुद्धा' तर म्हणून बसलो होतो, तेही दोनदा. काठीवरचा मार्शमॅलो जळून कोळसा झाला. मागून एउलोहिओ, "मास्तर, आता तरी घोडा?" मी म्हणालो, "हो, मीसुद्धा. पेतेनला. विमानानं. भाऊ आहे तिकडे." मला भाऊ नाहीये हो! बाई म्हणाल्या, "मग एकाच गाडीनं जाऊ विमानतळावर."

उतरताना घोड्यावर बसलो. आता कुणासाठी चालायचं?

आज सकाळी बॅग भरायला घेतली. भरू काय? रिकामी दिसायला नको म्हणून दोन उशा कोंबल्या. ओतिलिया दारात. "उशा घेऊन कुठं निघालास?" पेतेनला. "काय आहे पेतेनात?" भाऊ आहे. ती मटकन बसली भुशात. "अरे बाबा, भाऊ नको, खरं काय ते सांग जा तिला!" मी म्हटलं, कुठल्या तोंडानं? लेक इस्पितळात आहे तिची. अशा वेळी मी माझं रडगाणं गाऊ?

गाडीत सबंध वाट मी बॅग मांडीवर घट्ट धरून बसलो. विमानतळाच्या दाराशी पोचलो. बाई वळल्या. मास्तर नाही म्हणाल्या. "बाउदिलिओ," म्हणाल्या, "ते किएरो."

आणि थांबल्या.

आता मी काय पुन्हा फसणार? मी तोंड गच्च मिटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी मधे बोललो नाही. क्रियापदाची वाट पाहत उभा राहिलो. काय सांगायचंय, काय मागायचंय, काय विचारायचंय... बाई बघतायत, मी बघतोय. लोक बॅगा ओढत आमच्या मधून जातायत. शेवटी मीच मायेनं म्हणालो, "सावकाश. वाक्य पुरं करा, बाई."

त्यांचे खांदे हलले. मला वाटलं हसल्या. पण डोळे भरले होते हो. त्यांनी माझ्या बॅगेवर हात ठेवला. हात आत रुतला. उशाच त्या, रुतणारच. म्हणाल्या, "तुमचं विमान चुकेल, मास्तर." पुन्हा 'तुम्ही'. आणि गेल्या आत.

मी या बसमध्ये बसलो. चढ लागला, डबा धापा टाकायला लागला, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. विमानतळावर चढ कुठे होता? सपाट फरशी होती. बाईंना धाप लागलीच नव्हती! वाक्य पुरं होतं हो... पुरं होतं ते. तेवढंच होतं.

फोन करा म्हणता? उडालं विमान. उतरल्यावर करू? आणि काय सांगू, पेतेनहून बोलतोय? आणि त्यांची लेक तिकडे त्या अवस्थेत. द्यायचं ते उत्तर तर मी कालच देऊन बसलोय. उत्तर बरोबर होतं माझं, फक्त एक वाक्य आधी दिलं.

तो बघा, खिडकीतून दिसतोय पकाया. घुरघुरतोय अजून... जाऊ द्या. तुमची मान अवघडली असेल बाई, अजून बराच घाट आहे. थांबा, बॅग उघडतो. घ्या, ही उशी घ्या. संकोच करू नका, दोन आहेत.