हुळ का हूव

— बसू नकोस. उभाच ऱ्हा. बसायला न्हाई बोलावलं तुला. गाठोडं बांध म्हणून सांगितलतं, ते बांधलंस? न्हाई? का न्हाई? आता हे असं म्हशीगत तोंडाकडं बघत ऱ्हायचं. यमनाप्पा, माझी मराठी तुला कळत न्हाई हे मला ठाऊक हाय, पण 'होगु' तरी कळतंय न्हवं? होगु! जा! तुझं संकेश्वर त्या अंगाला हाय, बायकोला घे आन् उन्हं कलायच्या आत उचगावची शीव वलांड. मालक धारवाडच्या शेतकी साहेबाला घेऊन बेळगावासनं निघाल्यात. त्यांची गाडी बागेत शिरायच्या आत तू हितं दिसायचा न्हाईस. बास. एवढंच बोलायचं होतं, झालं बोलून.

काय? हात कशाला जोडतोस? वर बघ. बघ की वर! सगळा मोहर काळा ठिक्कर पडलाय. पानाला बोट लावलं तर चिकटतंय. फांदी जरा हलली की तुडतुडे तडातडा अंगावर उडत्यात, नाकात जात्यात, डोळ्यांत जात्यात. ह्या बागेचा आंबा कॅम्पातल्या गोऱ्या साहेबांच्या मेजावर जायचा रं, मडमा चाकूनं कापून खायच्या. अवंदा लोणच्यापुरती कैरी मिळायची न्हाई! आन् राखण कुणाची? माझी? झाडाखाली झोपडी कुणाला बांधून दिली? मला? शेतकी साहेब गेल्या साली ह्याच कट्ट्यावर बसून सांगून गेलता — मोहरावर किडा दिसला रं दिसला की निरोप धाडा, गंधकाची पूड आन् ती फवारायची मशीन लगेच पाठवतो. मोहर करपल्यावर मला बोलावू नका, मी येऊन काय करू, रडू? असं म्हणाला. चहा पीत म्हणाला. मग? किडा पडला तवा तुझं तोंड कुठं गेलतं?

मान हलवू नकोस! 'हेळिदेनरी, हेळिदेनरी' — सांगितलं म्हणे! व्हय, आलतास तू. आलतास, मी कुठं न्हाई म्हंते? सकाळच्या पारी ओसरीसमोर उभा ऱ्हायलास, आन् तोंडात ती निपाणीची तंबाखू, गालाला ही एवढी फुगी — आन् काय म्हणालास? 'माविन गिडक्क हुळ बिद्दावरी' म्हणालास? का 'हूव बिट्टावरी'? आं? हुळ म्हंजे किडा, हूव म्हंजे फूल, बिद्दाव म्हंजे पडल्यात, बिट्टाव म्हंजे आल्यात, हे मला आता कुणी शिकवायला नको — पण तंबाखूनं भरलेल्या तोंडातनं हुळ काय आन् हूव काय, बिद्दाव काय आन् बिट्टाव काय! आन् दीस कसले होते? मोहर फुटायचेच न्हवं? सारं झाड फुलायला आलेलं, अशात कुणी येऊन सांगितलं की आंब्याला अमुक झालंय, तर माणूस काय समजंल? फुलं आली असंच समजंल की न्हाई? कुणीबी असंच समजंल. माझी नणंद जयाबाईबी असंच समजली असती, मोठी शहाणी.

आन् मी काय केलं ते तरी आठवतंय का तुला? मी आत गेले, देवापुढं साखर ठेवली, तुला पाटावर बसवून पुरणपोळी वाढली. वर तूप घातलं. आन् तू खाल्लीस! अरं किडे पडल्यात म्हणून कुठली बाई पुरणपोळी वाढती रं? तुमच्या संकेश्वरात वाढत्यात? घास तोंडात जायच्या आधी एकदा तरी इचारायचं — आक्का, झाडाला कीड लागली, तुम्ही सण कसला करताय म्हणून! न्हाई. मान खाली घालून खाल्लीस. दुसरी मागून घेतलीस. देवा रवळनाथा!

बरं, तिथंच थांबलास व्हय? चार दिसांनी परत आलास. 'भाळ हुळ आग्यावरी' — लई झाल्यात म्हणून. आन् मी — जयाबाई शेजारी तांदूळ निवडत बसलेली, कान टवकारून — मी म्हटलं, 'छलो आत, छलो आत.' चांगलं झालं! तुझं तोंड हे असं वासलं, मला वाटलं आनंदानं वासलं. जयाबाईनं इचारलं, काय म्हंतोय वो? मी सांगितलं, बाग फुलांनी लगडलीया म्हंतोय. ती म्हणाली, वहिनी, तुमचं कानडी ऐकत ऱ्हावं बघा. ऐकत ऱ्हावं म्हणाली! ह्या घरात कुणाला येतंय रं कानडी? मालकाला येत न्हाई, दीराला येत न्हाई, सासूबाईंना तर 'बेकू बेडा', हवं-नको, एवढंबी न्हाई. माझं माहेर कणकुंबीचं, तिथं रानात कानडी कोण बोलतंय? मी बेळगावच्या बाजारात भाजी घेताना चार शब्द उचलले, एष्टु म्हंजे किती, बेडा म्हंजे नको, छलो... आन् हितं येऊन सांगितलं, येतंय मला. त्याच्या जोरावर तर मालक म्हणाले, राखणदार कानडी हाय, त्याच्यासंगं बोलणार कोण, तूच बोल, बागेचं तूच बघ. ह्या घरातल्या कुठल्या बाईच्या हातात बाग आली होती आजवर? सासूबाईंच्या? जयाबाईच्या? माझ्या आली. चुलीम्होरनं उठून मी ह्या झाडांखाली आले. ते आता तुझ्या एका 'हुळ'पायी जाऊ देऊ? परत फुकणी हातात घेऊ? आन् जयाबाई इथं कट्ट्यावर बसंल?

म्हणून सांगते, जा. मालकाला मी सांगून बसलेय की तू काय कळवलं न्हाईस. झोपत होता, म्हटलं. ते लई भडकले. म्हणाले, त्याला शेतकी साहेबाच्या म्होरं उभा करतो, साहेब कानडीतनं इचारंल, कीड कधी बघितलीस, कुणाला सांगितलंस — कळलं? साहेब इचारणार, तू सांगणार, साहेब ते मराठीत करून मालकाला सांगणार. पोळीसकट! माझी काय अब्रू ऱ्हाईल? सासूबाई मरस्तोवर हसतील. शेजारपाजारच्या बाया पाणवठ्यावर 'छलो आत, छलो आत' करून घागरी भरतील.

मला वाईट वाटत न्हाई असं न्हाई. तुझी बायको नागुबाई अवघडलीय, दीस भरत आल्यात, मला दिसतंय की. कालच मी तिला भाकरी-पिठलं दिलं. पण मी काय करू? तुला दुसरीकडं राखण मिळंल, झाडं काय कमी हाईत मुलखात? मला दुसरी बाग कोण देणार हाय? तू गेलास की म्हणीन पळून गेला, चुकीच्या भ्यानं पळाला, आन् सगळं तिथंच मिटंल. तुझ्या नावाला कोण वळखतंय उचगावात? तुझं काय जातंय? आन् हे सगळं मी तुझ्याजवळ बोलतेय, कारण तुला ओ की ठो कळत न्हाई. कुठंतरी बोलायला पाहिजे न्हवं माणसानं. भिताडाजवळ बोलावं तसं बोलतेय —

काय?

काय म्हणालास? परत बोल. ...तू मराठीत बोललास. 'कळतंय की आक्का सगळं' — असंच म्हणालास न्हवं? किती दीस झालं कळतंय? आधीपासनं? निपाणीच्या वखारीत मराठी माणसांत काम केलंयस तू? मग मेल्या, त्या दिवशी का न्हाई बोललास मराठीत! 'आक्का, किडे पडल्यात' — दोन शब्द! दोन शब्दांनी बाग वाचली असती, मी वाचले असते, तू —

मी? मी सांगितलं? कधी... पहिल्या दिवशी. ओसरीवर. 'माझ्यासंगं कानडीतच बोलायचं, मराठी काढायची न्हाई तोंडातनं.' जयाबाई उभी होती दारात. व्हय. म्हणाले असंन.

म्हंजे पोळी वाढली तवा तुला... आन् 'छलो आत'ला? आन् आत्ता हे सगळं? सगळं?

न्हाई, न्हाई, शप्पत घेऊ नकोस. कुणाला सांगायचा न्हाईस, मला पटतंय. तू तसला न्हाईस. साहेबासमोर पण गप बसशील, तेबी पटतंय. पण तू रोज बागेत असशील. मी येईन तवा मान खाली घालून 'व्हय आक्का' म्हणशील. मला ते बघायचं न्हाई.

आता तर एक घटकाबी न्हाई. उचल गाठोडं.