बरकतपुऱ्याच्या काकूंना दाखवलेलं पाणी

माझा जन्म काचीगुड्याचा. वडील सरकारी कचेरीत टायपिस्ट, मूळ गाव नांदेडकडलं, पण ते मी दोनदा की तीनदा पाहिलं असेल, आमचं सगळं इथंच झालं, शाळा मराठी, गल्ली तेलुगू आणि बाजार उर्दू, म्हणून माझ्या तोंडात तिन्ही येतात, तुम्ही पुण्याच्या, तुम्हाला हसू येईल, हसा. बारावी झाले, लग्न झालं, मलकपेठला आले. आमचे हे अफझलगंजला कापडाच्या दुकानात होते, दिवसभर उभं राहून तागे उलगडायचे, पुन्हा गुंडाळायचे, तीस वर्षं तेच, मंग त्यांचा मणका गेला आणि उभं राहता येईना, आणि उभं न राहणाऱ्या माणसाला कापडाच्या दुकानात कोण ठेवतो. पोरगी एकच, रेवती. तेव्हा ती दहावीत. म्हणून मी घराबाहेर पडले, चाळिशी उलटल्यावर, आयुष्यात पहिल्यांदा खांद्याला बॅग लावून.

पाणी शुद्ध करायच्या मशिनींची कंपनी होती. नाव नै सांगत, आता त्याचा काय उपयोग. घरोघर जायचं, मशीन दाखवायची, विकायची. बायामाणसं असली की घरात घेतात, बसवतात, म्हणून त्यांना बायाच पाहिजे होत्या. पहिले आठ दिवस शिकवलं. शिकवणारे एक साहेब होते, पन्नाशीचे, लई गोड बोलायचे, ते म्हणाले, बहन, तुम्ही काहीच खोटं बोलायचं नाही, तुम्ही फक्त दाखवायचं, बोलायचं ते गिऱ्हाईक बोलेल.

काय दाखवायचं ते सांगते. एक छोटी पेटी असते, तिला खाली लोखंडाच्या सळ्या, बोटाएवढ्या. दोन ग्लास घ्यायचे, एकात त्यांच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात आपल्या मशीनचं, सळ्या दोन्हींत बुडवायच्या आणि बटण दाबायचं. मशीनचं पाणी आहे तसं राहतं. नळाचं पाणी मात्र बघता बघता पिवळं होतं, मंग तपकिरी, वर काळपट फेस, खाली चिखल बसतो. मंग मी म्हणायची, पानी देखो अम्मा, तेलुगू घर असलं तर नीळ्ळु चूडंडम्मा, तेच, पाणी बघा. एवढंच. त्याच्यापुढं गप्प राहायचं. बाई तोंडाला पदर लावायची आणि लेकरांकडं बघायची.

मी चांगली होते ह्या कामात, हे पण सांगते, लपवत नै. माझा फोटो लागला होता ऑफिसात.

एकदा घरी बसून पेटी पुसत होते. रेवती तेव्हा इंटरला, म्हणजे अकरावीला, सायन्स घेतलेली. ती म्हणाली, आई, ह्या सळ्या बारीक कशा झाल्या गं? मी म्हटलं, झिजतात, ऑफिसातनं नव्या मिळतात. ती म्हणाली, झिजतात म्हणजे जातात कुठं? आणि उठली, आपल्याच मशीनचं स्वच्छ पाणी ग्लासात घेतलं, त्यात चिमूटभर मीठ टाकलं, सळ्या बुडवल्या, बटण दाबलं. काय सांगू तुम्हाला, ते पाणी असं तपकिरी झालं की नळाचं बरं. ती म्हणाली, आई, पाण्यात थोडेफार क्षार असले की वीज वाहते आणि लोखंड विरघळतं, ही घाण पाण्यातली नै, सळीची आहे. क्षार तर चांगल्या पाण्यातही असतात. तू लोकांना लोखंड दाखवतेस.

मी म्हटलं, गप बस, तुझी फी ह्याच्यातनंच जाते. पोरीला असं बोलले मी. आणि दुसऱ्या दिवशी पेटी घेऊन निघाले. म्हणजे बघा, बरकतपुऱ्याला गेले तेव्हा मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोयच नै मला.

बरकतपुऱ्यात एक जुनं मराठी घर, वकिलांचं. वकीलसाहेब ऐंशीच्या जवळ, किडनीचा आजार, आठवड्यातनं दोनदा डायलिसिस. त्यांच्या अंगाला खाज सुटायची, रात्रंदिवस, खाजवून खाजवून रक्त काढायचे. डॉक्टर म्हणत होते हे आजारानंच होतं, पण काकूंना वाटायचं आंघोळीच्या बोरच्या पाण्यानं वाढत असेल, ते पाणी लई जड, नळांवर पांढरे थर, बादलीला थर, साबणाचा फेस होत नै. म्हणून त्यांनी फोन करून कंपनीला बोलावलं होतं. मी दारात मराठीत बोलले तर काकूंचा चेहरा असा फुलला. अय्या, तू आपलीच की गं! चहा केला, पोहे केले. मी नको नको म्हणते तरी. त्यांनी कागदावर प्रश्न लिहून ठेवले होते, चष्मा लावून वाचत होत्या, पाणी मऊ करायची मशीन कुठं बसते, तिला मीठ किती लागतं, प्यायच्या पाण्याला वेगळी मशीन लागते का, नळाचं पाणी आम्ही गाळून उकळून पितो तर ते चालतं का. मंग कागद बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, मला ह्यातलं काही कळत नाही बाई, बाकीचे येतात ते इंग्रजीत भराभर बोलून जातात, आता तू आलीस, तू सांग काय घेऊ, तू सांगशील ते.

उत्तर मला येत होतं. आंघोळीच्या बोरच्या पाण्याला मऊ करायची मशीन बसवा, प्यायचं पाणी आहे ते ठीक आहे, काही घेऊ नका. दोन वाक्यं. पण महिना संपत आला होता, माझं टार्गेट बाकी होतं, आणि मी बॅगेतनं पेटी काढली.

नळाचं पाणी तपकिरी झालं. वकीलसाहेब पलंगावरनं मान वळवून बघत होते. काकू ग्लासाकडं बघत म्हणाल्या, हे पाणी मी ह्यांना पन्नास वर्षं पाजलं? ह्याच्यानंच गेल्या का गं ह्यांच्या किडन्या?

आणि मी गप्प राहिले. नै म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. साहेबांनी शिकवलं होतं तसं. बोलायचं ते गिऱ्हाईक बोललं. दोन्ही मशिनी खपल्या त्या दिवशी, पाणी मऊ करायची आणि प्यायच्या पाण्याची.

चार महिन्यांनी फिल्टर बदलायच्या वेळेला मी गेले. वकीलसाहेबांच्या फोटोला हार होता. काकू वाळून गेल्या होत्या. त्यांनी मला बसवून घेतलं आणि आपणहून सांगायला लागल्या, शेवटच्या आठवड्यात मी त्यांची माफी मागितली गं, हात जोडून, म्हटलं मी तुम्हाला विष पाजत होते, मला कळलं नाही. तर ते म्हणाले, तुला काय माहीत होतं, जाऊ दे. डोक्यावर हात ठेवला माझ्या. हे ऐकताना मी फिल्टरची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते, आणि तुम्हाला खरं सांगते, तेव्हा पण नै बोलले. फिल्टर बदलला, सही घेतली, आले. 

माणूस गेला तो असं समजून गेला की बायकोच्या हातच्या पाण्यानं आपण चाललो. वर तिलाच समजावून गेला. हे कुणाच्या माथी मारू मी? कंपनीच्या? कंपनी बरकतपुऱ्याला गेली नव्हती.

पुन्हा सहा महिन्यांनी गेले. उन्हाचं चालत आलेले, घसा कोरडा. म्हटलं काकू, जरा पाणी द्या. तर काकू जागच्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, तू आत जाऊन घे बाई, मी आता कुणाला पाणी देत नाही. पुण्याहून मुलगा आला तरी तो हातानं घेतो. माझ्या हातचं नको कुणाला.

मंग माझ्यानं राहवलं नै. मी आत गेले, त्यांच्या मशीनचं पाणी दोन ग्लास भरून आणलं, मिठाची बरणी आणली, बॅगेतनं पेटी काढली. म्हटलं काकू, बघा. आधी मिठाशिवाय सळ्या बुडवल्या, काही नै झालं. मंग दुसऱ्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकलं, आणि झालं तपकिरी. त्यांना समजेना. म्हणाल्या, मशीन बिघडली का? मी म्हटलं, नै काकू, मशीन चांगली आहे. घाण सळीची आहे. लोखंड आहे ते. तुमच्या नळाच्या पाण्यात काही नव्हतं. वकीलसाहेबांना तुमच्या पाण्यानं काही झालं नै.

त्यांनी विचारलं, तुला हे कधी कळलं?

इथं खोटं बोलले असते तर सुटले असते. म्हटलं असतं कालच कळलं. पण त्या बघत होत्या माझ्याकडं. मी म्हटलं, तुमच्याकडं पहिल्यांदा आले त्याच्या आधीपासून माहीत होतं.

त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. त्यांनी फोन घेतला, मुलाला लावला, स्पीकर चालू करून माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, सांग त्याला. मी सांगितलं, पहिल्यापासून, मी थांबले की त्या म्हणायच्या, पुढं सांग. तो बिचारा पलीकडनं एवढंच म्हणाला, आई, आता बाबांना कोण सांगणार? काकूंनी फोन ठेवला. आत्तापर्यंत मला तू म्हणायच्या, त्या दिवशी म्हणाल्या, तुम्ही निघा आता.

त्याच आठवड्यात नोकरी सोडली. ह्यांना कारण सांगितलं, हे भिंतीकडं तोंड करून झोपले. रेवतीनं टोमणा मारला नै, तिला हक्क होता तरी. जुन्या वहीत पत्ते होते, जमेल तेवढ्या घरी मी पुन्हा गेले. एकीनं दार लावून घेतलं. एकजण म्हणाले, मशीन चांगली चालते आहे ना, मंग कशाला आमच्या डोक्याला ताप देता. एक बाई हसली, म्हणाली हौ अम्मा, सगळेच असं करतात. सगळी घरं काही झाली नाहीत, पाय दुखायला लागले, किंवा हिंमत संपली असं म्हणा.

आता मलकपेठलाच नळाच्या सामानाच्या दुकानात बसते. लोक विचारायला येतात, कोणती मशीन घेऊ. मी आधी विचारते, पाणी कुठलं, नळाचं की बोरचं, प्यायला पाहिजे की आंघोळीला, कुणी तपासलं का. ज्याला काही लागत नै त्याला सांगते, लागत नै. मालक कधी कधी डोळे वटारतो, पण ठेवलंय त्यानं.

काकूंचा फोन आला नै. मी एकदा केला होता, त्यांनी उचलला, माझा आवाज ऐकला आणि ठेवला. बरोबर आहे त्यांचं. त्या आता कुणाला पाणी देतात की नै, ते मला माहीत नाही, आणि विचारायचं तोंड नै मला. त्यांनी माफ करावं असं पण मी मागत नै, ज्यांची माफी मागायची ते वकीलसाहेब तर गेले.

तुम्ही एवढं ऐकून घेतलं, तुमच्या लेकराबाळांचं कल्याण होवो. मघाशी विचारत होतात ना, लिहिताना नावं बदलू का. काकूंचं नाव मी घेतलंच नै, तुम्ही पण कुठून शोधून घालू नका. माझं नाव शकुंतला. ते बदलू नका, आहे तसं लिहा.