सोबत महिला कर्मचारी

न्हाई न्हाई, बसा की सर. सही काय पळून जातीया व्हय? कागद तुमी आनलाय, पेन बी तुमचाच, बोटं तेवढी माझी — जरा कळ काढा. पोरी समद्या तासाला गेल्यात, हास्टेल रिकामं हाय, कुनी यायचं न्हाई आता. हां, वाचते की. आठवी झालीया माझी वडूजला, येतंय मला वाचाया. 'वनस्पतिशास्त्र विभाग, अभ्यास सहल, दोन दिवस एक रात्र, विद्यार्थिनी अकरा. सोबत शिक्षक' — ते तुमी, ऋषिराज सर — आन् 'सोबत महिला कर्मचारी', त्याच्या म्होरं माझं नाव छापूनच आनलंय तुमी. हरणाबाई. एरवी मी फाटकावरची मावशी, कोन आलं कोन गेलं बघनारी, पन या कागदावर मी अकरा पोरींची राखनदार. श्रद्धा मॅडम बाळंतपनाला गेल्यात, बाकीच्या मॅडमना घर सोडून जमत न्हाई, आन् बाईमानसाबिगर पोरींची सहल सोडायची न्हाई आसा नियम हाय. लय चांगला नियम हाय. कुना तरी पोरीबाळीच्या मानसानं केला आसनार.

आन् आपन दोघांनी त्याची काय गत केली, सांगू? तुमाला ठावं हाय म्हना, पन आज माझ्या तोंडनं ऐका. पाच सहली झाल्या. दर टायमाला मी सही करायची, पिशवी घिऊन गाडीत बसायची, प्राचार्य फाटकात उभं राहून हात करायचं — आन् गाडी मलकापूरच्या चौकात आली की तुमी म्हनायचं, मावशी, उतरा, कशाला डोंगरात हाल करून घेताय, दोन दिवस घरी आराम करा, तुमची हजेरी लागतीया. लय मायेनं म्हनायचं तुमी. आन् मी उतरायची, परतीला तिथंच गाडीत चढायची. खोटं कशाला बोलू, बरं वाटायचं मला. भुईमूग काढायचा आसायचा, घर सारवायचं आसायचं. वाटायचं, सर किती जानता मानूस हाय, फाटकावरच्या बाईचा बी इचार करतोय. आता म्हनते, मला नव्हता उतरवत तुमी — तो नियम उतरवत व्हता चौकात, पिशवीसकट.

माया. नाव घेतलं की तोंड कडू झालं न्हवं तुमचं? माझ्या भावाची, धनाजीची पोर. आमी मेंढरामागं फिरनारी मानसं, आमच्या वाडीत बारावीच्या म्होरं गेलेली पयली पोरगी ती. मीच आनलं तिला या हास्टेलात. दोन वर्सामागं सहल ठरली तवा धनाजीनं माळावनं फोन केला. म्हनला, आक्का, पोरीला रातीचं भाईर पाठवायचं व्हय? मी म्हनले, मी हाय की सोबत. बास, तेवढंच. त्यानं फुडं एक शबूद इचारला न्हाई, कारन आमच्यात राखनीला बसलेलं मानूस 'मी हाय' म्हनलं की झालं. आन् चौकात मी उतरले, सर. मायाच्या देखत उतरले. ती काचंतनं बघत व्हती. त्या दिशी आमच्या भावकीत बारसं व्हतं. कागदावर मी पाटनच्या डोंगरात सरकारी बंगल्यावर पोरी राखत व्हते, आन् खरी मी पाळन्याजवळ बसून बायकांच्या वटीत घुगऱ्या घालत व्हते.

तुमी तिला वरच्या खोलीत बोलवलं. फुलं पेपरात दाबून ठेवत्यात न्हवं, त्याच्यावर नावं लिवायची राहिलीत म्हनून. एकलीला. म्होरचं मी बोलत न्हाई. ते तिचं हाय, ती तिच्या तोंडानं सांगंल, तिच्या मर्जीनं. मी माझं सांगते. आठव्या दिशी पोरीनं तुमच्यावर तक्रारीचा अर्ज दिला. एवढीशी पोर, पन दिला. कालेजच्या समितीच्या बाया बसल्या, मला बोलवलं, इचारलं — हरणाबाई, तुमी सोबत व्हता, काय झालं त्या राती? आन् मी म्हनले, कायबी झालं न्हाई. समद्या पोरी माझ्या खोलीत झोपल्या व्हत्या, मी स्वतः कडी लावली, रातभर जागी व्हते. आसं सांगितलं. बाकीच्या पोरींस्नी कुनी बोलवलंच न्हाई, माझाच शबूद धरला. कडीचा आवाज सुदिक सांगितला मी, करकरती म्हनून. न बघितलेल्या दाराची कडी.

का म्हनून इचारता? तुमी इचारताय व्हय? तुमीच आदल्या दिशी याच खोलीत उभं राहून म्हनला न्हवता का, मावशी, कागद खोटा ठरला तर पयली नोकरी तुमची जाईल. मी भ्याले. आन् — आता बोलतेच हाय तर समदंच बोलते — नुसती भ्याले न्हाई. त्याच म्हैन्यात तुमी माझ्या इंद्रजितला लॅबमधी लावून दिलं. बाटल्या धुवायच्या कामावर. पोराला पगार मिळाला तवा पेढं वाटलं मी. तुमाला बी दिला एक. तुमी खाल्ला.

माया भाईर वऱ्हांड्यात उभी व्हती. तिनं समदं ऐकलं. रडली न्हाई, वरडली न्हाई. मी भाईर आले तर मला एकच इचारलं तिनं — "आत्या, तू कुटं व्हतीस?" दोन वर्सं झाली सर, मला जेवताना ऐकू येतंय ते. अर्ज खोटा ठरला, पोरगी बॅग घिऊन माळावर गेली, तिसऱ्या वर्साची परीक्षा सुदिक दिली न्हाई. आन् तुमाला गेल्या शिक्षकदिनाला शाल घातली. मी टाळ्या वाजवल्या.

चहा ठिवू? नको? भ्याला व्हय? आवं, काय घालत न्हाई त्यात. घालनार व्हते एकदा, ते खरं हाय. शाल घातली त्याच दिशी तुमी हितं येऊन चहा मागितला, आन् उंदराची पुडी माझ्या मुठीत व्हती. आधन उकळत व्हतं. घातली न्हाई. तुमच्यावर दया आली म्हनून न्हाई, तसं काय मनात आनू नका. मी इचार केला, मेला तर ह्याचा फोटू लावत्याल हॉलमधी, हार घालत्याल, पोरींस्नी उभं करून दोन मिंटं गप राहायला लावत्याल. त्यात माया सुटनार न्हाई. मला तुमी जित्ता पायजे, सर. चांगला ठणठणीत. उभं राहता येईल, इचारलेलं ऐकू येईल आसा.

आमच्यात एक रीत हाय. मेंढरं कुनाच्या रानात बसवली की रातीला एकजन राखनीला नेमत्यात. लांडग्यानं कोकरू नेलं तर सकाळी त्या राखनदारानं स्वतः उठून मालकाकडं जायचं. लांडगा आला व्हता म्हनून सांगायचं न्हाई. मी झोपलो व्हतो म्हनून सांगायचं. मालक बोलंल ते ऐकून घ्यायचं, आन् मग रानातनं काटं आनून लांडग्याची वाट बंद करायची. माझ्या आबाला मी बघितलंय आसं सांगताना, मुंडासं हातात घिऊन. मी मातर दोन वर्सं सांगितलं न्हाई. माळाकडं फिरकलेच न्हाई. मंग म्हैन्याभरामागं सूचना लागली — सहल, भाद्रपदात, अकरा पोरी — आन् माझं डोकं फिरलं. तवा सुटी काढून वडूजची गाडी धरली, उतरून चालत मेंढरांच्या तळावर गेले, आन् धनाजीच्या म्होरं बसून म्हनले, मी नव्हते तिथं. मी उतरले व्हते. धनाजीनं मारलं न्हाई मला. उठला आन् मेंढराकडं गेला. माया बसून राहिली माझ्याजवळ. म्हनली, "हे लिवून देशील का?"

लिवून दिलं की. काल. ठाण्यात. तिघं गेलो आमी — धनाजी, माया, मी. नऊ पानं झाली माझीच. तिची किती झाली मी इचारलं न्हाई.

बसा. उठू नका आसं झटक्यात. फाटकाला कुलूप हाय, किल्ली माझ्या कमरंला हाय. कसं वाटतंय सर, दार लावल्यावर? मी काय हात लावनार न्हाई तुमाला. मोठ्यानं श्वास सुदिक घेत न्हाई मी. नुसतं एवढंच, की जायचं तुमच्या मनात हाय आन् किल्ली दुसऱ्याजवळ हाय. घ्या जरा वळख करून.

फोन कुनाला करताय? घरी? सांगलीला जाऊन आले मी. व्हय, तुमच्या घरी. गेल्या बेस्तरवारी, तुमी हितं प्रॅक्टिकल घेत व्हता तवा. मनात व्हतं, तुमच्या दारात उभं राहून गल्लीला ऐकू जाईल आसं वरडायचं. लय पाठ करून गेले व्हते, यष्टीत ओठ हलत व्हतं माझं. चारुशीलाताईंनी दार उघडलं, पानी दिलं, सोप्यावर बसा म्हनल्या. मी बसले, आन् वरडाया झालंच न्हाई, हळूच सांगितलं समदं. ऐकून घेतलं त्यांनी. पदर सारखा केला, आतल्या खोलीचं दार लावून घेतलं — आत पोरगी अभ्यासाला बसली व्हती तुमची — आन् मला म्हनल्या, "मावशी, ही कितवी?" तुमची बायको इचारती मला, ही कितवी. आता करा फोन, करायचा तर. उचलत न्हाईत न्हवं? सकाळपास्नं उचलत नसतील.

काय म्हनला? बयाबाईची सही घेतो? झाडूवाल्या बयाबाईची? घ्या की. तिला मी चार दिसांमागंच सांगून ठेवलंय, आन् स्वयपाकाच्या बाईला बी, आन् लायब्ररीतल्या पोरीला बी. कुनी करत न्हाई सही. आन् केली तरी कुनाला नेताय सहलीला? अकरा पोरींच्या घरचं नंबर हितल्याच वहीत हायत. अकरा घरी फोन केला मी, रोज दुपारी दोन-तीन घरं. म्हनले, मी हास्टेलची हरणाबाई. तुमच्या पोरीच्या कागदावर 'सोबत बाईमानूस' म्हनून माझं नाव हाय, पन मी सोबत नसते, कवाच नव्हते. पोरगी पाठवू नका, आन् पाठवायची तर सरांच्या भरवशावर पाठवू नका. उंब्रजच्या एका पोरीचा बाप मलाच शिव्या घालाया लागला, चांगल्या मानसाचं नाव घेतीस म्हनून. एकीच्या आईनं मातर समदं ऐकून घेतलं, आन् मंग इचारलं तिनं, बाई, तुमी आधी का न्हाई सांगितलं? काय सांगू तिला — राजेश्वरीच्या टायमालाच तोंड उघडाया पायजे व्हतं म्हनून?

न्हाई. ते — ते ऱ्हाऊ द्या.

ऱ्हाऊ द्या कशाला पन. बगा, तोंडातनं गेलं. राजेश्वरी, सर. मायाच्या आदल्या सहलीतली, सांगलीकडचीच, लांब येनीची. तुमाला आठवंना व्हय? मला आठवती. सहलीवनं गाडी आली, समद्या पोरी हसत वर गेल्या, ही एकटी हितं माझ्या दाराशी थांबली. म्हनली, मावशी, पिना हायत का? ड्रेसची बटनं तुटलेली, वढनी घट्ट धरलेली छातीशी. तीन पिना दिल्या मी. लावून दिल्या माझ्या हातानं. ती माझ्या तोंडाकडं बघत व्हती — इचारा म्हनून बघत व्हती, सर, मला कळलं की ते — आन् मी म्हनले, जा, आंघूळ कर, बरं वाटंल. न्हाई इचारलं. चांगला सर, जानता सर, मावशी मावशी करनारा सर. म्हैन्याभरात पोरीनं कालेज बदललं. मी बिछाना गुंडाळून दिला तिचा.

मंजे मला ठावं व्हतं. धनाजीला फोनवर 'मी हाय की सोबत' म्हनले तवा मला ठावं व्हतं. चौकात पिशवी घिऊन उतरले तवा ठावं व्हतं. भ्याले, फसले, कागदानं आडकवलं — हे समदं खरं हाय, पन त्याच्या आधी ठावं व्हतं. हे त्या नऊ पानात न्हाई. मायाला सांगितलं न्हाई मी. जगात कुनाला सांगितलं न्हाई, आन् सांगितलं तर कुनाला पयलं — तुमाला. थू माझ्या जिनगानीवर.

हसू नका. हसला तुमी आत्ता, बघितलं मी. वाटतंय तुमाला, ही बया माझ्या म्होरं सोताच बुडाली, आता हिला दाबता येईल. दाबा की. माझी नोकरी जाऊ द्या, इंद्रजितच्या बाटल्या जाऊ द्या, खोटी साक्ष दिली म्हनून मला आत टाकू द्या. दहावं पान मी आजच लिवनार. राजेश्वरीचं गाव ठावं हाय मला, तिला आधी इचारीन, तिच्या मनात आसंल तरच नाव घालीन. पन माझं, माझ्या पिनांचं, ते मी घालनारच. मला वाचायचंच न्हाई सर, तुमी घाबरवनार कशानं? मी जिथं जाईन तिथं तुमाला धरून जाईन. तेवढ्या एकाच आशंवर भाकरी खातीया मी म्हैनाभर.

गाडीचा आवाज आला न्हवं? कागद घेऊ नका तो, माझ्याजवळ ऱ्हाऊ द्या, त्यांस्नी लागंल. सहलीच्या जुन्या फायली बघाया येतो म्हनल्या व्हत्या इन्स्पेक्टर बाई, सकाळी अकरापतूर. म्होरं त्याच बसल्यात. मागं माया हाय. उतरली. दोन वर्सांनी या फाटकाशी उभी हाय पोर, आन् मान खाली न्हाई तिची.

सरका, मला कुलूप काढू द्या.

आन् उठा आता, सर. हितं एकच खुर्ची हाय.