तासाचा वारा की मिनिटाचा वारा

...आणि वर म्हणतात, रेडिओ ऐका! अहो, कुठला? एका विमानतळाला दोन-दोन रेडिओ, आणि एकाचं दुसऱ्याशी जुळेल तर शपथ! तुम्हाला सांगतो, पस्तीस वर्षं बस चालवली, वारा कुठला हे कधी कुणाला विचारलं नाही!

विमान खोटं हो, मुलाच्या कॉम्प्युटरवरचं. पण व्याही खरे! सूनबाईचे वडील, निवृत्त हेडमास्तर. दर रविवारी येतात, खुर्चीत बसतात, अलगद विमान उतरवतात. त्या दिवशी मला म्हणे, "व्याहीबुवा, बस वेगळी, विमान वेगळं. याला डोकं लागतं." डोकं! मग मी काय इतकी वर्षं गुडघ्यानं चालवली? म्हटलं, "आज मी उतरवतो. नाही उतरलं, तर दर रविवारी तुमच्या शेजारी बसून सांगाल ते बटण दाबीन."

आमची ही आतून ओरडली, "झालं! उचलली जीभ, लावली टाळ्याला!"

वर गेलो. वर काय, कुणीही जातं. खाली यायचं खरं! सूनबाई म्हणाली, "बाबा, वाऱ्याकडे तोंड करून उतरायचं. वारा रेडिओवर कळेल. या नंबरावर तासाला एकदा रेकॉर्ड केलेली माहिती, कुठल्या बाजूनं उतरायचं तेही सांगतात. त्या नंबरावर मशीन दर मिनिटाला वारा मोजतं, पण बाजू आपण ठरवायची."

पहिला लावला. गोड आवाजाची बाई... वारा दोनशे पन्नास अंश, जोर आठ, धावपट्टी सत्तावीस. दुसरा लावला. घसा बसल्यासारखा कुणीतरी एकेक आकडा थुंकतोय... दोन... सात... शून्य... जोर चौदा! आता कुणाचं ऐकू? पुन्हा बाई, पुन्हा घसा, विमान घारीसारखं गोल गोल, इंधनाचा काटा खाली खाली... पस्तीस वर्षं बस चालवली, वारा कुठला हे कधी कुणाला विचारलं नाही!

मास्तर म्हणाले, "बाईंचं ऐका, आयतं उत्तर आहे."

आयतं? पाऊण तास शिळं! आंधळ्या वळणावर समोरून ट्रक येतोय का, हे पाऊण तासापूर्वी गेलेल्या माणसाला विचारू? मी घसा धरला! दोनशे सत्तर म्हणजे पश्चिम, एवढं मला कळतं. वारा चालला पश्चिमेला, म्हणजे त्याच्यासमोर उभं राहायचं तर तोंड पूर्वेला! सरळ आहे की नाही?

चाकं टेकली! मास्तरांचा चहाचा कप हवेतच! ब्रेक दाबला... थांबेना! मागून कुणी ढकलतंय जणू! पट्टी संपली, कुंपण आलं, कुंपण गेलं, पडदा लालभडक!

मास्तरांनी शांतपणे चहा संपवला. "व्याहीबुवा, वारा कुठून येतो ते सांगतात. कुठे जातो ते नाही."

आता तुम्हीच सांगा! बसच्या पाटीवर ती कुठे जाणार ते लिहितात की कुठून आली ते? कुठून आली याच्याशी चढणाऱ्याला काय देणंघेणं? पण वाऱ्याला पाटी कोण लावणार... पस्तीस वर्षं बस चालवली, वारा कुठला हे कधी... जाऊ द्या.

शब्द तो शब्द. आता दर रविवारी मास्तर चालवतात आणि मी शेजारी. "चाकं!" म्हणाले की बटण. "दिवे!" म्हणाले की बटण. आयुष्यभर ज्या ज्या कंडक्टरवर खेकसलो, तो एकेक डोळ्यांसमोर येतो. आणि मेले सगळे हसत असतात.