खाली बघायचा हुकूम

समारंभाचे अध्यक्ष, आपले प्लांट हेड कुलदीपसाहेब, युनियनचे रोहिदासभाऊ, व्यासपीठावरचे मान्यवर, माझ्या शिफ्टचे सोबती आणि घरून आलेली मंडळी, सगळ्यांना माझा नमस्कार.

रिटायरमेंटला अवकाश असताना हा निरोप घेतोय. शाल-श्रीफळ दिलंत, आभारी आहे. नारळ मांडीवर आहे, हे हाताला कळतंय. दिसत मात्र नाही.

वर्षभर माझ्याबद्दल काय बोललं जात होतं, ते मला ठाऊक नाही का? जमिनीचा पैसा आला आणि सोपानराव खाली बघेना! लग्नात भावकीतली पोरं पाया पडली, तर मी समोरच बघत राहिलो. कंपनीच्या बसच्या पायरीवरून पडलो, तेव्हा ड्रायव्हरनं तोंडाचा वास घेतला. हसा, हसा, मीही हसलो होतो.

फायनल इन्स्पेक्शनला ब्रेकचे पार्ट तपासणं हे माझं काम. ट्रे टेबलावर, म्हणजे नजरेच्या खाली. मी एकेक पार्ट नाकासमोर धरायला लागलो. शेजारच्या इब्राहिमभाईंनी विचारलं, "राव, ट्रेकडं का बघत न्हाई?" मी म्हणालो, "बघतोय की." खरं तर जमतच नव्हतं. त्यांनीच मला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी बोट खाली नेलं, माझी नजर हलेना. मग "माझ्या तोंडाकडं बघत राहा" म्हणत त्यांनी माझं डोकं मागं कलवलं, तर डोळे आपसूक खाली वळले! म्हणाल्या, "काका, डोळे शाबूत आहेत. खाली बघायचा मेंदूचा हुकूम त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही." मोटार धड, पॅनेलचा सिग्नल गायब; हे तुम्हाला काय समजावायचं? पण इथं मेंटेनन्सवाले येतात. माझ्या दुखण्याला औषध नाही. पुढं बाजूला बघणंही जाईल, असं त्या म्हणाल्या.

घरी आमच्या गोजाबाई माझं ताट उपड्या पातेल्यावर मांडतात. त्याची सवय झाली. पण परवा नात तनुजा पायात आली आणि मी तिच्यावर धडपडलो. तिला लागलं नाही. तेव्हापासून मला बघितलं की ती रडते, हे मला सोसत नाही.

तेव्हा कार्यक्रमानंतर कुणी पाया पडू नका. समोर उभं राहा, तोंड दाखवा. सगळ्यांचे, इब्राहिमभाईंचे विशेष, आभार. कुणाचं नाव राहिलं असेल तर राग धरू नका. पुढं सतरंजीवर बसलेल्यांनी तर धरूच नका, तुम्ही मला दिसलाच नाहीत.

सूनबाई, तनुजा तिथंच आहे ना? उचल तिला. अजून वर. रडली तर रडू दे... हां, दिसली. जरा वेळ तशीच धर.