माझ्या बोटाची नोकरी

नाही, तुम्हीच सांगा, बोट कुणाचं? माझं! मग सकाळी चहा पिताना ते वाकवायचं की सरळ ठेवायचं, हे मी ठरवायचं की माझ्या भाचीनं? आता तुम्ही म्हणाल, बोटात भाची कुठून आली... तर ही भाची प्रयोगशाळेत कामाला, आणि काम काय, तर लाकडापासून जेली करायची! लाकडाला ताठ ठेवणारं लिग्निन म्हणून काहीतरी असतं म्हणे, कागदाच्या कारखान्यात ते नको म्हणून काढून जाळतात, ते ही उचलून आणते, पाण्याबरोबर काय काय मिसळते, त्याची लिबलिबीत पट्टी होते आणि त्या पट्टीतून वीज खेळते! मी म्हटलं, अगं, शॉक बसू नये म्हणून आम्ही जन्मभर लाकडी स्टुलावर उभे राहिलो, आणि तू? तर म्हणे, "मामा, बोट द्या."

दिलं. रिटायर माणसाकडे द्यायला दुसरं असतं काय? तिनं बोटाला पट्टी चिकटवली, मनगटाला डबी बांधली, आणि मी बोट वाकवलं की तिकडे टेबलावरचा प्लास्टिकचा हात बोट वाकवतो, सरळ केलं की सरळ. ज्याचा हात गेलाय त्याला असा हात वापरता येईल, म्हणाली, तेव्हा तुम्हाला सांगतो, ऊर भरून आला माझा. म्हणून तर पट्टी वाळते का ते बघायला ती लावूनच घरी आलो. आणि ती डबी घरूनसुद्धा त्या हाताशी बोलते हो, फोनवरून! "सकाळी तेवढं जपा मामा, मंजुरी देणाऱ्या बाई येणारेत, त्या नाही म्हणाल्या तर माझी नोकरी गेली."

जपलं की! कपाच्या कानात बोट वाकडं घालून बसलो. तेवढ्यात बायको आतून, "नळ कोणी उघडा ठेवला?" मेहुणा समोरच पेपर वाचत बसलेला, हळूच बोट सरळ केलं त्याच्याकडे. बोट कुणाचं? माझं! घर कुणाचं... जाऊ द्या.

तिकडे त्याच वेळी, भाचीनं मागाहून सांगितलं, बाई विचारतायत, इतकं चांगलं काम अडवून कोणी ठेवलं होतं? आणि हाताचं बोट सरळ, समोरच्या खुर्चीतल्या तिच्या साहेबांकडे! साहेब म्हणतात, यंत्र बिघडलंय. इकडे मेहुणा म्हणतोय, मी नाही बुवा. मी त्याला बोटानं खुणावलं, इकडे ये, नळ बघ... तर तिकडे साहेब उठले हो, हातासमोर जाऊन मान खाली घालून उभे राहिले आणि म्हणाले, "चुकलं माझं." मेहुणा? तो पेपरातून उठलासुद्धा नाही.

मंजुरी मिळाली. पोरगी फोनवर रडतच होती, "मामा, नोकरी राहिली! पण पट्टी काढू नका हं, बाई म्हणतात हात तिथंच राहू दे, साहेब वळणावर येतात." म्हणजे आता मी नाक खाजवलं तरी तिकडे साहेब उभे! आंघोळ करताना बोट वर, झोपताना बोट उशीवर. विचारायचं कुणाला, बोट कुणाचं?

आणि परवा कळलं, त्या हाताला तिथं खिडकीजवळचं टेबल दिलंय. उभ्या नोकरीत मी मागत होतो हो खिडकीजवळची जागा... मिळाली ती बोटाला.