सगळ्यात वेगवान डिस्क

संगणक दुरुस्तीच्या दुकानात माझ्यापुढे एक वयस्कर जोडपं उभं होतं.

"या लॅपटॉपमध्ये सगळ्यात नवी, वेगवान एसएसडी डिस्क बसवा," काका दुकानदाराला म्हणाले.

"काका, दोन वर्षांपूर्वी मीच बसवलीय. ठणठणीत आहे. घरी करता काय यावर?"

"मुलगी परदेशात असते. रविवारी व्हिडिओवर बोलतो."

"त्याला ही भरपूर झाली. आत्ता पंधरा सेकंदांत सुरू होतो, नवीन घेतलीत तर बारा. ज्यांचं दिवसभर मोठ्या फाइलींचं काम, त्यांनी घ्यावी."

"मी तरी दुसरं काय सांगतेय यांना?" काकू म्हणाल्या.

"अगं, तिला वेळ नसतो. मागच्या रविवारी हा सुरू होईपर्यंत ती कामाला निघून गेली."

"अहो, मागच्या रविवारी हा तासभर सुरूच होता. तीच आली नाही. त्याच्या आधीच्या रविवारीही नाही."

दुकानदार उगाच काउंटर पुसू लागला.

"मग काका, राहू दे ना?"

"नको, बसवा. नवीन बसवली, एवढं सांगायला तरी तिला फोन करता येईल."

काकूंनी पिशवीतून पाकीट काढलं.

"बसवा हो भाऊ," त्या म्हणाल्या. "पण फोन मी करणार. हे फार पाल्हाळ लावतात."